शहाण्णव नाबाद

हरण्यातही एक प्रतिष्ठा असते असे म्हणतात. असेल. पण ती एका धावेने हरणाऱ्यांची. शेवटच्या चेंडूवर झेल सुटला, पंचाने नको तेव्हा बोट वर केले, ऐन वेळी पाऊस आला, अशा थाटात हरलेला माणूस पुढे चाळीस वर्षे त्या पराभवावर जगतो. चहाच्या टपरीवर सांगतो, लग्नाच्या पंगतीत सांगतो, नवा जावई मिळाला की त्याला सांगतो. आमचा पराभव त्या जातीचा नव्हता. जिंकणाऱ्यालाच हरणाऱ्याची कीव यावी, इतक्या सढळ हाताने आम्ही हरलो. हरलो, हे म्हणणेसुद्धा तितकेसे खरे नाही. पण ते पुढे येईलच.

साल १९७४. नाताळची सुटी. स्थळ, औरंगाबादची छावणी. गावाचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले, पण छावणी छावणीच राहिली. शहरातून तिकडे जायचे तर खाम नदी ओलांडावी लागते. नदी म्हणण्याजोगे पाणी तिला फक्त पावसाळ्यात. एरवी ती नदीच्या नावाने दिवस काढते. पण ती ओलांडली की पलीकडे वेगळाच मामला. जुनी झाडे, बंगले, चर्च, लष्कराच्या चुन्याने रंगवलेल्या दगडांच्या शिस्तशीर रांगा, आणि दर गुरुवारी ही सगळी शिस्त मोडून काढणारा आठवडी बाजार. एका बाजूला बैल-म्हशी, दुसऱ्या बाजूला कांदे-बटाटे आणि मधून वाट काढणारे आम्ही.

छावणीतल्या पोरांचे एक स्वतंत्र तर्कशास्त्र होते. निजामाच्या फौजेवरच्या इंग्रज साहेबांनी छावणी वसवली. क्रिकेटही साहेबानेच आणले. तेव्हा छावणीत जन्मलेल्याला क्रिकेट हे येणारच. ते शिकण्याची भानगड शहरातल्यांनी करावी. याच तर्काच्या जोरावर आम्ही औरंगपुऱ्याच्या पोरांना आव्हान दिले. नुसते नाही, दोन-दोन डावांच्या कसोटीचे. हरणाऱ्याने भेळ द्यायची.

ठरल्या दिवशी ते आले. सायकलींवरून, डबलसीट. त्यांच्याकडे दोन बॅटी होत्या आणि एकाच्या पायाला खरेखुरे पॅड होते. उरलेले पॅड दुसऱ्याच्या पायाला. आमच्याकडे बॉल होता. वर्गणी काढून घेतलेला, नवा कोरा, लालभडक कॉर्कचा बॉल. दिवस गुरुवार होता. हे दोन मुद्दे वाचकांनी लक्षात ठेवावेत.

नाणेफेक आम्ही जिंकलो. त्या दिवशी आम्ही जिंकलेली ती एकमेव गोष्ट. पहिली बॅटिंग घेतली आणि पाऊण तासात सगळे बाद. धावा एकोणीस. त्यांत अकरा अवांतर. म्हणजे आमच्या संघातला सर्वांत भरवशाचा फलंदाज 'अवांतर' हाच होता. मी अकराव्या क्रमांकावर जाऊन शून्यावर नाबाद राहिलो. नाबाद राहिल्याचा अभिमान मला त्या क्षणी वाटला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

मग ते खेळायला आले. त्यांच्यात एक चष्मेवाला होता. हडकुळा, जाड भिंगांचा, चष्मा पडू नये म्हणून मागून सुतळीने बांधलेला. त्याला पाहून आमच्या कप्तानाने सगळ्यांना जवळ बोलावले. हा दिसतही नसेल नीट, लवकर जाईल, असा त्याचा अंदाज. दुपारचे तीन वाजले तेव्हा औरंगपुऱ्याच्या दोन बाद २७१ झाल्या होत्या. बाद झालेल्यांपैकी एक पाय घसरून पडला म्हणून आणि दुसरा, मला वाटते, कंटाळून. चष्मेवाला शहाण्णववर होता.

माझ्या गोलंदाजीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. मी स्पिन टाकत असे. माझा चेंडू वळायचा, पण बॅट लागल्यानंतर. तेव्हा कधी उजवीकडे वळायचा, कधी डावीकडे, आणि दर वेळी नाल्याकाठच्या झुडपांत जाऊन थांबायचा. टाकणारा मी म्हणून आणायचाही मीच, असा नियम कप्तानाने जेवणानंतर लागू केला होता. आमचा विकेटकीपर तर मांडी घालूनच बसला होता. "यारों, घुटने गए मेरे," तो आपल्या खास दख्खनीत विव्हळत होता, "घर जाना हौ भई, अब्बा मारते!" त्यांचा स्कोअर लिहिणारा भूमितीच्या वहीतून मान वर काढून ओरडला, "शहाण्णव! चार पाहिजेत!" पुढचा चेंडू मी टाकला. चष्मेवाल्याने नुसता अडवला. त्याच्या पुढचा एका बाजूला जाऊन वाइड झाला, तो कुणाच्याच हाती न लागता घरंगळत झुडपात शिरला. मी मागे धावलो.

बॉल समोरच होता. लाल, चकचकीत. मी तो उचलला, आजूबाजूला पाहिले आणि अर्ध्या चड्डीच्या खिशात टाकला. मग मोठ्यांदा म्हणालो, "बॉल सापडत नाही!"

अर्धा तास बावीस पोरे बॉल शोधत होती. मीही शोधत होतो. माझ्याइतका मन लावून कुणी शोधत नव्हते. सगळ्यांत पुढे चष्मेवाला. काटेरी झुडपांत गुडघ्यांवर बसून, भिंगांवर धूळ बसलेली, पालापाचोळा हातांनी बाजूला सारत. ते चित्र अजून जात नाही. शेवटी आमच्या कप्तानाला आठवले, की आज गुरुवार. आईने बाजारातून भाजी आणायला सांगितले आहे. त्याला आठवल्याबरोबर सगळ्या संघालाच भाजी आठवली. एवढे मातृभक्त एका ठिकाणी मी नंतर कधी पाहिले नाहीत. सामना अनिर्णित ठरला. भेळही वाचली. चष्मेवाला सायकलवर मागे बसता बसता म्हणाला, "चार राहिले." तक्रार म्हणून नव्हे, हिशेब सांगावा तसा.

घरी आल्यावर मी अण्णांना ऐटीत सांगितले, "ड्रॉ झाली. बॉल हरवला." अण्णा बाजाराची पिशवी रिकामी करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या चड्डीकडे पाहिले.

"बॉल हरवला काय?"

"हो."

"मग खिशात काय बटाटा आहे?"

मला वाटले, आता कानशिलात बसणार. अण्णांनी एक बटाटा हातात घेतला, तो चेंडूसारखा फिरवत खाटेवर बसले आणि म्हणाले, "बस. तुला निंबाळकरांची गोष्ट सांगतो."

अण्णा १९४८ साली पुण्यात शिकत होते. त्या डिसेंबरात पुण्यात रणजी करंडकाचा सामना होता, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा पहिला डाव २३८ वर आटोपला. मग महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले ते परत जाईनातच. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ करून गेले, निंबाळकर आहेतच. दोनशे झाले, तीनशे झाले, चारशे झाले. तिसऱ्या दिवशी मध्यंतर झाला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा जागतिक विक्रम ४५२ चा. त्याने तो सिडनीला १९३० साली केलेला. राहिल्या फक्त नऊ धावा. म्हणजे दोन चौकार आणि एक पळून काढलेली धाव.

काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. संस्थानिक माणूस. आपल्या संघाविरुद्ध जागतिक विक्रम झाला, अशी नोंद पुस्तकात कायमची राहणार, हे त्यांना सोसेना. तुम्ही डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो, असे त्यांनी सांगितले. थोडा वेळ थांबा, एवढा विक्रम होऊ द्या, अशी विनवणी झाली. पण काठियावाडने सामना सोडून दिला आणि मंडळींनी सामान आवरले. निंबाळकर ४४३ वर राहिले ते राहिलेच. कुणी बाद केले नाही, पावसाने अडवले नाही, दिवसही संपला नव्हता. समोर फक्त खेळायला कुणी उरले नव्हते.

"तुम्ही होता तिथं?" मी विचारले.

"नव्हतो," अण्णा म्हणाले. "त्या सामन्याला आपण हजर नव्हतो असं कबूल करणारा त्या वेळचा पुण्यातला मी एकटाच. माझी चाचणी परीक्षा होती." मग बटाटा पिशवीत ठेवून म्हणाले, "ठाकोरसाहेबांकडं निदान आगगाडी होती. तुझ्याकडं काय, तर चड्डीचा खिसा. उद्या जा आणि त्या मुलाला बॉल देऊन ये."

मी गेलो नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, असे करता करता शाळा सुरू झाली, परीक्षा झाली, नोकरी लागली, लग्न झाले. औरंगपुरा छावणीपासून सायकलने फार तर वीस मिनिटांवर. एवढे अंतर मला पन्नास वर्षे कापता आले नाही. तो बॉल पुढे घर बदलताना खरोखरच हरवला. खोटे बोललेले असे कधी कधी उशिरा खरे होते.

मात्र तेव्हापासून मला एकतर्फी सामन्यांचा नाद लागला. लोक अटीतटीच्या लढतींची कात्रणे जपतात. मी धुलाईची जपली. आणि जिंकणाऱ्याच्या नावाआधी माझी नजर हरणाऱ्याकडे जाते. चोराला चोराची वाट ठाऊक, तसे.

एक गोष्ट पाहा. इंदूरला १९४६ साली होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केल्या. सी. के. नायडूंचा संघ, एका डावात सहा शतके. त्यांत एक आपल्या निंबाळकरांचेच. म्हैसूरच्या गरुडाचारांनी ६९ षटके टाकली आणि ३०१ धावा दिल्या. तीनशे एक! फलंदाजाचे त्रिशतक झाले की टाळ्या; गोलंदाजाचे झाले तर कुणी हातही दाबत नाही. पण गरुडाचारांनी चार बळी घेतले आणि नंतर म्हैसूरने दुसऱ्या डावात पाचशेच्या वर धावा काढल्या. कुणाला भाजी आठवली नाही.

किंवा विजय हजारे. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत १९४३-४४ साली हिंदू संघाने ५ बाद ५८१ केल्या; मर्चंट नाबाद २५०. 'रेस्ट' संघ पहिल्या डावात १३३ मध्ये गारद. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७, त्यांत एकट्या हजाऱ्यांच्या ३०९! दुसऱ्या टोकाला त्यांचे बंधू विवेक होते. तीनशे धावांच्या भागीत त्यांचा वाटा एकवीस. धाकट्याने संसार कसा सांभाळावा याचा हा आदर्शच म्हणायचा. एवढे करून संघ डावाने हरला तो हरलाच. पण आज त्या सामन्याचे नाव निघते ते हजाऱ्यांमुळे.

बरे, हे दुःख आपल्याकडचेच असेही नाही. अमेरिकेत फुटबॉल म्हणून एक खेळ आहे, ज्यात चेंडू हातात घेऊन पळतात. तिथे कॉलेजांच्या संघांचे नववर्षाचे खास सामने होतात, त्यांना 'बोल' म्हणतात. त्यातला पहिला, कॅलिफोर्नियात पॅसाडीना गावी, १ जानेवारी १९०२ रोजी झाला. मिशिगन विरुद्ध स्टॅनफर्ड. मिशिगनने त्या हंगामात अकरा सामन्यांत ५५० गुण केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. गंमत म्हणजे त्यांचा प्रशिक्षक योस्ट आदल्याच वर्षापर्यंत स्टॅनफर्डला शिकवत होता. ४९ विरुद्ध शून्य झाल्यावर, आठ मिनिटे बाकी असताना स्टॅनफर्डने हात जोडले. हे वाचले तेव्हा मला औरंगपुऱ्यापासून पॅसाडीनापर्यंत माणूस सारखाच, अशी खात्री पटली. संयोजकांनी तर असा धसका घेतला, की पुढची कित्येक वर्षे त्यांनी फुटबॉलच बंद ठेवला आणि त्याऐवजी रथांच्या शर्यती लावल्या! फुटबॉल परत आला तो १९१६ साली.

त्याच १९१६ साली अटलांटात, 'बोल' नसलेल्या एका साध्या सामन्यात, जॉर्जिया टेकने कंबरलंडला २२२ विरुद्ध शून्य असे हरवले. कंबरलंडने खरे तर आपला संघ मोडून टाकला होता. पण आला नाहीत तर तीन हजार डॉलर भरा असा करार आडवा आला, म्हणून मिळतील ती पोरे गोळा करून ते गेले. त्या सामन्यातली एक दंतकथा सांगतात. कंबरलंडच्या एकाच्या हातून चेंडू निसटून मित्राच्या पायाशी गेला. "उचल, उचल!" हा ओरडला. मित्र म्हणाला, "तू पाडलास, तूच उचल." आमच्या कप्तानाचा नियम अमेरिकेत आधीच लागू होता तर!

आणि २०१६ च्या जानेवारीत कल्याणला पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ केल्या. १८९९ पासून कॉलिन्सच्या नावावर असलेला ६२८ चा विक्रम मोडला. शाळेच्या ३ बाद १४६५. समोरच्या पोरांचे दोन डाव मिळून ८३. सारा देश प्रणवचे कौतुक करत होता, तेव्हा मी समोरच्या त्या लहान लहान पोरांचा विचार करत होतो. ती दुसऱ्या दिवशीही मैदानात आली. चेंडू आणायला गेली आणि दर वेळी घेऊन परत आली. माझ्या मते तोही एक विक्रमच. पुस्तकात त्याला रकाना नाही एवढेच.

निंबाळकरांच्या नशिबी पुढेही नऊ धावांची हुरहूरच आली. ब्रॅडमनने त्यांना पत्र लिहून तुमची खेळी माझ्या खेळीपेक्षा सरस होती असे कळवले, असे सांगतात. ब्रॅडमनचा विक्रम १९५९ साली हनीफ महंमदने ४९९ करून मोडला. तो पाचशेच्या नादात धावचीत झाला, पण निदान झाला! नंतर १९९४ साली लाराने ५०१ केल्या. तेव्हा सामन्याचा निकाल लागण्याची शक्यता संपली होती, तरी डरहॅमची मंडळी शेवटच्या षटकापर्यंत उभी राहिली. भाऊसाहेबांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. २०१२ साली, ब्याण्णवव्या वर्षी ते गेले. प्रथम श्रेणीत त्यांच्याएवढ्या धावा एका डावात अजून कुणा भारतीयाने केलेल्या नाहीत. आणि ज्या महाराष्ट्राने काठियावाडला पळवून लावले, त्याचे पुढे काय झाले? त्याच हंगामात पुण्यातच मुंबईने त्यांच्याविरुद्ध ६५१ आणि ७१४ केल्या. महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. चार डावांत २३७६ धावा! महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला, पण शेवटचा गडी बाद होईपर्यंत खेळून हरला.

आता मूळ गोष्टीकडे. निवृत्त होऊन मी पुन्हा छावणीत राहायला आलो. गेल्या नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला रांगेत उभा होतो. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला आलेल्या माणसांची रांग फार सावकाश सरकते. पुढे एक हडकुळे गृहस्थ. जाड भिंगांचा चष्मा. बोलता बोलता मी छावणीत राहतो असे म्हटले, तसे ते हसले.

"छावणीत मी एकदा शहाण्णववर नाबाद राहिलो होतो."

माझे पाय लटपटले. दाखला मिळण्याआधीच हयात संपते की काय असे वाटले. रांगेतच, सगळ्यांसमोर, मी सांगून टाकले. बॉल, खिसा, चड्डी, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकले.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय?"

"अहो, भिंगं जाड होती, पण आंधळा नव्हतो मी. तुमचा खिसा फुगलेला दिसत होता की!"

"मग अर्धा तास काट्यांत काय शोधत होता?"

"तुमचं तोंड बघितलं मी. आणखी चार काढल्या असत्या तर तुम्ही रडला असता. म्हटलं, शोधू. सगळे शोधताहेत तोवर कुणी रडणार नाही."

मी पन्नास वर्षे ज्याला फसवले असे समजत होतो, त्याने मला सांभाळून घेतले होते. एवढ्या फरकाने मी आयुष्यात दुसरा कुठला सामना हरलेलो नाही.

दाखले देऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. नातवाची प्लॅस्टिकची बॅट, टेनिसचा बॉल, इमारतीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरचे मागचे चाक म्हणजे स्टंप. चार धावा काढून घ्या आणि मला मोकळे करा, असे मी म्हणालो. चष्मा सारखा करून ते उभे राहिले. मी हळूच, अगदी काढून मारता येईल असा चेंडू टाकला. तो एका फरशीच्या फटीत पडला आणि वळला. जन्मात प्रथमच, बॅट लागण्याआधी वळला. चाकावर टप्प् आवाज झाला.

"नो बॉल!" मीच ओरडलो. "नो बॉल! पाय पुढे होता माझा!"

त्यांनी बॅट नातवाकडे दिली आणि काखेत हात घालून बाजूला झाले.

"आउट म्हणजे आउट," ते म्हणाले. "अहो, पन्नास वर्षं नाबाद राहून कंटाळा आला होता."

मग आम्ही भेळ खायला गेलो. पैसे अर्थात मी दिले.